घाटमाथा लाइट रेल्वेच्या दोघी भागीदार

शेगाव, ता. १६ नोव्हेंबर १९१९

चि. सौ. शारदा हिस अंबूअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझे पत्र पाडव्यानंतर पोचले. मालधक्क्यावर कापसाच्या गाठींची इतकी गर्दी आहे की तुझ्या भाऊजींना जेवायलाही घरी येता येत नाही. मी डबा पाठवते आणि रिकामा डबा परत आला की समजते, जेवले.

तू लिहितेस, दिवाळीत माहेरची फार आठवण झाली. मला होत नाही असे वाटते का? आई गेल्या सालच्या साथीत, मानमोडीच्या तापात गेली ते आपल्याला तेरावा उलटल्यावर कळले. मेहकरचे घर काकांकडे गेले. ते बोलावतील तेव्हा जायचे, आणि ते बोलावणार नाहीत. बहिणी भेटायच्या त्या माहेरात. मी तुझ्या सासरी येऊन राहणे रीतीला धरून नाही, आणि तू इकडे यायचे तर बैलगाडीने घाट उतरून मुक्कामावर मुक्काम. कोण सोडील तुला? तुझी पुष्पा चालायला लागली, बोलायला लागली, मी तिला पाहिलेले नाही.

म्हणून आता जे लिहिते ते नीट वाच. इकडे एक नवी कंपनी निघते आहे, घाटमाथा लाइट रेल्वे. शेगावहून निघून घाट चढून चिखलीवरून थेट तुझ्या देऊळगाव राजापर्यंत. गाडी लहान, रूळ लहान, पण सकाळी बसलेला माणूस दिवेलागणीच्या आत पोचेल. शेअर विकायला काढले आहेत. रेल्वेच्या नोकराने दुसऱ्या रेल्वेत पैसा घालायचा नाही, असा साहेबाचा हुकूम आहे, म्हणून यांना शेअर माझ्या नावावर घ्यायचा आहे. मी विचारले, शेअर म्हणजे काय? म्हणाले, कंपनीचा एक तुकडा. म्हटले, म्हणजे रूळ किती? तर हसत सुटले.

आईच्या दोन पाटल्यांपैकी एक तुझ्याकडे आहे, एक माझ्याकडे. मी माझी मोडते आहे. तूही मोड. आईच्या पाटल्यांची आपण वाट करू. एवढ्या जवळच्या प्रवासाला मग कोणाची परवानगी नको, कोणी न्यायला-आणायला नको.

तुझी
अंबूअक्का

—

देऊळगाव राजा, ता. ९ डिसेंबर १९१९

ती. अक्कास शारदेचा शि. सा. नमस्कार.

तुझे पत्र मी तीनदा वाचले आणि मग यांना दाखवले. शाळेतून येऊन पागोटे खुंटीला लावतात न लावतात तोच हातात दिले. वाटले होते रागावतील. पण यांना तर कंपनीची सगळी माहिती! गावातले रंगराव वकील कंपनीचे एजंट झाले आहेत, आणि शाळेचे मास्तर, पोस्टमास्तर सगळे संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसून वर्तमानपत्रातले मुंबईचे भाव वाचतात. पूर्वी तिथे कीर्तन व्हायचे.

सासूबाई म्हणाल्या, "आपल्या गावाले परत्यक्ष बालाजी असून तुले शेगावले कायले जायाचं आहे?" मी म्हटले, देवाला नाही, अक्काला भेटायला. त्या हातातले सूप खाली ठेवून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माही बहीण लोणारले होती. मेली तवा मी तिले पाह्यलं, त्याच्या आंधी बारा वर्सं नाही." आणि उठून गेल्या.

पाटली मोडली. सोनाराने ती कातरली तेव्हा मी तोंड फिरवले. शेअरचा कागद मोठा देखणा आहे. वर गाडीचे चित्र, खाली माझे नाव, सौ. शारदाबाई उद्धवराव. असे माझे नाव छापील अक्षरांजवळ मी पहिल्यांदाच पाहिले. पुष्पाला चित्र दाखवून सांगितले, ही मावशीची गाडी. आता ती रोज विचारते, मावशी आली का?

शारदा

—

शेगाव, ता. २२ ऑगस्ट १९२०

चि. सौ. शारदा हिस अनेक आशीर्वाद.

परवा खामगावला कंपनीची वार्षिक सभा झाली. शेअर माझ्या नावाचा, तेव्हा नोटीसही माझ्या नावाची. हे म्हणाले, तू कशाला येतेस, मी काय ते ऐकून सांगतो. मी म्हटले, नोटिशीत नाव कोणाचे आहे ते वाचा. शेवटी नेले.

जिनिंगच्या आवारात मांडव घातला होता. सगळे पुरुष. मला खांबाजवळ खुर्ची दिली. अध्यक्ष मुंबईचे, रेशमी पागोटे, बोलणे मधासारखे. त्यांनी सांगितले की आपल्या शेअरचा भाव मुंबईच्या बाजारात दीडपट झाला आहे. टाळ्या. मग म्हणाले, वऱ्हाडासारख्या मागासलेल्या प्रांताचे नाव मुंबईत आज लोक आदराने घेतात. पुन्हा टाळ्या. मग काही प्रश्न आहेत का, असे विचारले. कोणाला नव्हते.

शारदे, मी उठले. म्हटले, "रूळ कुठपर्यंत आले?"

मागे कोणी तरी हसले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, रूळ विलायतेहून यायचे. लढाईनंतर तिकडेच टंचाई आहे. पण आपण काळजी करू नये, आपल्या शेअरची किंमत वाढतेच आहे." मी म्हटले, "मला किंमत नको, गाडी पाहिजे. माझी बहीण देऊळगावला आहे." यांनी माझा पदर ओढून मला खाली बसवले.

परत येताना गाडीत हे खिडकीबाहेर बघत बसले. जलंब गेल्यावर म्हणाले, "लोक शेअर विकून राह्यले आहेत. दीडपट म्हणजे थोडं नाही. आपणही विकू." मी नाही म्हटले. विकायला सही माझी लागते.

तुझ्याकडे तरी काही दिसते का? मोजणीवाले आले होते ना? मातीचा भराव तरी पडायला लागला का?

अंबूअक्का

—

देऊळगाव राजा, ता. १२ सप्टेंबर १९२०

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

पत्र मिळाले. तू भर सभेत उठलीस हे वाचून मला हसू आले आणि रडूही. आईला कळले असते तर तिने तुझी दृष्ट काढली असती.

इकडे वन्सांचे लग्न ठरले. मुलगा जालन्याचा, कापसाच्या आडतीत आहे. हुंड्याची, कपड्यांची धावपळ चालली आहे. घरात पाय ठेवायला जागा नाही.

भराव पडलेला नाही. मोजणीवाले साखळी घेऊन आले, खुंट्या ठोकून गेले, पुन्हा फिरकले नाहीत.

भाऊजी म्हणतात तर विकून टाक ना, अक्का. ते व्यवहारातले आहेत. आपल्याला बाजारातले काय कळते? दीडपट आले तर त्याची पुन्हा पाटली करता येईल, आईच्यासारखीच.

कामात आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

शारदा

—

शेगाव, ता. ३० सप्टेंबर १९२०

चि. सौ. शारदा हिस आशीर्वाद.

विकून टाक? हे तू लिहितेस?

यांनी म्हटले, शेजारणीने म्हटले, स्टेशनमास्तरांच्या बायकोने म्हटले, ते मी कानाआड केले. पण तुझ्याकडून हे यावे असे वाटले नव्हते. सगळेच विकून मोकळे झाले तर रूळ टाका म्हणून मागायला राहील कोण? मुंबईच्या ज्या माणसाने घेतला त्याला ना शेगाव ठाऊक ना देऊळगाव. तो उद्या तिसऱ्याला विकील.

दीडपट पाटली घेऊन मी काय करू? तिला काय तुझ्यासारखे बोलता येते?

वन्सांचे लग्न नीट पार पाडा.

अंबूअक्का

—

शेगाव, ता. १९ फेब्रुवारी १९२२

चि. सौ. शारदा हिस अंबूअक्काचे अनेक आशीर्वाद.

दीड वर्षात संक्रांतीच्या तिळगुळाखेरीज आपण एकमेकींना काही पाठवले नाही. रागाने लिहिलेल्या पत्राचा मला तेव्हाच पस्तावा झाला होता, पण तू उत्तर पाठवले नाहीस आणि मग मीही अडून बसले. आता पुरे.

घाटमाथ्याचे झाले ते तुला कळलेच असेल. मुंबईत बाजार कोसळला. आपल्या शेअरला आता कोणी हात लावत नाही. कंपनीने पैसा रुळांत घातलाच नव्हता, दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरांत फिरवला आणि तिकडे तो बुडाला. हे मला काही बोलत नाहीत. कधी कधी वाटते, बोलले असते तर बरे. शेजारचे मारवाडी म्हणाले, ज्यांनी वेळेवर विकले ते तरले.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. कंपनी बंद करायची की नाही हे ठरवायला सगळ्या भागीदारांची खास सभा बोलावली आहे. नोटीस आली. मे महिन्यात, बुलढाण्याला! दोन्हीकडच्या भागीदारांना सोयीचे जावे म्हणून. तुलाही नोटीस आली असेल. शारदे, तुझे नाव लिहून आलेला कागद आहे, कोणी नाही म्हणू शकणार नाही. मी मलकापूरपर्यंत आगगाडीने येईन आणि पुढे टांग्याने घाट चढेन. तू चिखलीवरून ये. पाटल्या गेल्या तर गेल्या, आपली भेट तर होईल. पुष्पाला आण.

उलट टपाली लिही. माझे चित्त थाऱ्यावर नाही.

अंबूअक्का

—

देऊळगाव राजा, ता. ४ मार्च १९२२

ती. अक्कास शारदेचा शि. सा. नमस्कार.

मला नोटीस आलेली नाही. येणारही नाही.

वन्सांचे लग्न ठरत होते तेव्हाच यांनी एक कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, इथे सही कर. मी विचारले, काय आहे? म्हणाले, शेअर विकतो आहे, भाव फार चढला आहे, असा पुन्हा मिळणार नाही. मी म्हटले, अक्काला काय सांगू? म्हणाले, अक्कालाही विकायला सांग. मी सही केली. त्या पैशात वन्सांचे लग्न झाले. तू पत्रात भरावाचे विचारलेस तेव्हा माझ्याजवळ शेअर नव्हता, अक्का. म्हणून मी तसे लिहिले. तू विकलास तर माझ्या मनाची टोचणी कमी होईल असे वाटले.

हे आता गावात शहाणे ठरले आहेत. रंगराव वकील सुद्धा यांना "मास्तर, तुम्हाले कसं समजलं?" असे विचारतात. हे खूश होतात. मला मात्र घरातले लग्नाचे पातेले घासताना सुद्धा वाटते, हे आईच्या पाटलीवर आले आहे. मी तरले आणि तू बुडालीस, आणि तुला तर त्यातले काही नको होते, नुसती मी पाहिजे होते.

यांना म्हटले, मला बुलढाण्याला घेऊन चला. म्हणाले, भागीदाराखेरीज आत सोडणार नाहीत, आणि नुसते भेटायला एवढे लांब कोण जाते?

शारदा

—

शेगाव, ता. १५ मार्च १९२२

चि. सौ. शारदा हिस आशीर्वाद.

तुझ्यावर राग नाही. पहिल्या दिवशी होता. दुसऱ्या दिवशी वाटले, बरे झाले, आईची निदान एक पाटली तरी कोणाच्या कामी आली. वन्सं सुखात आहेत ना?

मी बुलढाण्याला जाणार नाही. तू नाहीस तर तिथे मला काय? हे म्हणतात, मतपत्रिका टपालाने पाठवू.

पुष्पाच्या हाताचा ठसा घेऊन पाठव, हळदीत बुडवून. मला तेवढा पाहू दे.

अंबूअक्का

—

देऊळगाव राजा, ता. ३१ मार्च १९२२

ती. अक्कास शारदेचा शि. सा. नमस्कार.

हळदीचा ठसा पाठवत नाही. पुष्पाला घेऊन मीच येते. मतपत्रिका टपालाने पाठवू नकोस!

ऐक. आमच्या मळ्याच्या वाटेवर पुंजाजींचे शेत आहे. त्यांनीही एक शेअर घेतला होता, तो त्यांच्याजवळच राहिला. पंधरवड्यामागे ते घरी आले होते. म्हणाले, "मास्तरीणबाई, तो कागद चुलीत घालाले काढला होता. गाडीचं चित्र पाहून नातू रडाले लागला, म्हणून ठेवला." माझ्या मनात एकदम लख्ख झाले. मी म्हटले, "पुंजाजी, तो मला विकता का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "बुडाला की तो, बाई!"

"म्हणूनच परवडतो," मी म्हटले.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पैशे नको. सभेत माहं एक इचारून या. मोजणीवाल्यांनी माह्या वावरात खुंट्या ठोकल्या, त्या पट्टीत पेरू नका म्हणे. दोन सालं पडीक ठेवली. आता पेरू का नको?"

रंगराव वकिलांनी शेअर माझ्या नावावर करायचा तबदिलीचा कागद केला, कंपनीकडे पाठवला, आणि आज नोटीस माझ्या नावाने आली. हे आधी खो-खो हसले. ओसरीवर सगळ्यांना सांगितले, माझी बायको बुडालेली कंपनी विकत घेते. मग घरात येऊन नोटीस हातात घेऊन बसले. म्हणाले, "तुला इतकं जायचं होतं?" मी म्हटले, हो. म्हणाले, "मग नुसतं तसं म्हणायचं." मी म्हटले होते, अक्का. पण त्यांना ते तेव्हा ऐकू आले नव्हते. बैलांची दमणी ठरवली आहे. तेच घेऊन येत आहेत.

शारदा

—

देऊळगाव राजा, ता. २६ मे १९२२

ती. अक्कास शारदेचा शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचलो. पुष्पा चिखलीपर्यंत तुझ्या नावाने रडली आणि मग झोपली. मी तिच्यासमोर रडले नाही.

तुझे केस तापात गेले आणि पांढरे होऊन पुन्हा आले, हे तू मला इतक्या पत्रांत एकदाही लिहिले नाहीस. बुलढाण्याच्या धर्मशाळेच्या दारात टांग्यातून उतरलेली बाई मी ओळखली नाही. मला वाटले, कोणी म्हातारी सवाष्ण आहे, बाजूला होऊन वाट दिली. तू "शारदे" म्हणालीस तेव्हा आवाज ओळखला. अजून ते आठवून जीव कासावीस होतो.

सासूबाईंना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. पुंजाजीही अंगणात येऊन बसले होते. त्यांचा प्रश्न मी विचारला आणि अध्यक्ष म्हणाले, हा विषय आजच्या कामात नाही, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे ना हो म्हणाले, ना नाही?" मी म्हटले, "पुंजाजी, पेरा." ते उठून गेले. सासूबाई म्हणाल्या, त्यांनी दुपारी सगळ्या खुंट्या उपटून जळणाला आणल्यात.

मग मतांचे सांगितले. कंपनी बंद करावी असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावा म्हणाले, आणि सगळ्यांनी केला. भाऊजी तुझ्याकडे बघत होते, हे माझ्याकडे. मी तुझ्याकडे पाहिले तर तुझे दोन्ही हात मांडीवर. माझेही. आपण काही ठरवले नव्हते ना गं?

सासूबाईंनी विचारले, "मंग? हात काऊन नाही वर केला? बुडाली ते बुडाली, तिले ठेवून काय कराचं होतं?"

मी म्हटले, अध्यक्षांनीही हेच विचारले. अक्का उठून म्हणाली, कंपनी बंद झाली तर पुढची सभा कोण बोलावील?

सासूबाईंनी पदराने नाक पुसले. मग म्हणाल्या, "माह्या लोणारच्या बहिणीले कोणी सभा नाही बोलावली." रात्री त्यांनी पुष्पाला आपल्याजवळ निजवले आणि मला म्हणाल्या, "तू नीज. थकून आली आहेस."

कंपनीतर्फे आलेल्या त्या नागपूरच्या वकिलाने तुला शेवटी बाजूला घेऊन काय सांगितले? हे सामान भरा म्हणून घाई करत होते, म्हणून मला ऐकता आले नाही. दमणी वळेपर्यंत तू तिथेच उभी होतीस, तेवढे दिसले.

शारदा

—

शेगाव, ता. ८ जून १९२२

चि. सौ. शारदा हिस अंबूअक्काचे अनेक आशीर्वाद.

घरी आल्यापासून हातून काही काम होत नाही. पीठ मळायला घेते आणि तशीच बसून राहते. तुला मी कडेवर घेऊन मेहकरच्या विहिरीवर जायची, आणि आता तुझी मुलगी तुझ्या कमरेला लागते. दोन रात्री मिळाल्या आणि बोलायचे ते सगळे राहूनच गेले. मी तुझ्या पायावर भाजल्याचा डाग पाहिला, तो कशाचा, हेही विचारायचे राहिले.

हे आता बोलायला लागले आहेत. परवा म्हणाले, तुम्ही दोघी बहिणी हसता सारख्याच. एवढी वर्षे संसार केला, पण यांनी मला कधी तुझ्याजवळ बसलेली पाहिलेच नव्हते.

वकील काय म्हणाले ते सांगते. त्यांना आपली दया आली असावी. म्हणाले, "बाई, ठराव झाला म्हणजे कंपनी आजच संपली असं नाही. देणी-घेणी मिटवायला लिक्विडेटर नेमला आहे. त्याचं काम वर्षाच्या आत आटोपलं नाही, तर वर्ष भरल्यावर त्याला भागीदारांची सभा बोलवावी लागते. दुसरं वर्ष लागलं तर पुन्हा. आणि अगदी शेवटी हिशेब दाखवायला एक सभा होतेच." मी विचारले, "कुठे?" म्हणाले, "बुलढाण्यालाच."

इकडचे भागीदार रोज म्हणतात, हिशेब लवकर होवो, मोडतोड विकून जे काही हाती येईल ते येवो. हे चौकशी करून आले, लिक्विडेटर तरुण आहे, कामाला चलाख आहे. संध्याकाळी महाराजांच्या समाधीपुढे बसले होते. बायका मुलाबाळांसाठी मागत होत्या, पाऊसपाण्यासाठी मागत होत्या. मी मागितले, त्याला सावकाश सुचू दे. एखादा कागद हरवू दे. मग लाज वाटली आणि कागदाचे परत घेतले.

पण ती शेवटची सभा कोणी टाळू शकत नाही, शारदे. पुढच्या साली, नाही तर त्याच्या पुढच्या. मला तेव्हा ओळखशील ना? शेअर जपून ठेव, आता मास्तरांनी मागितला तरी सही करू नकोस.

तुझी
अंबूअक्का